एका वेळी एकच पुस्तक

मे महिन्यातली दुपार होती. राउंड संपवून वॉर्डातल्या टेबलाशी केसपेपर लिहीत बसलो होतो. आमच्या वॉर्डच्या सिस्टर जवळ येऊन थांबल्या. "सर, दोन मिनिटं आहेत का?" म्हणत त्यांनी पर्समधून घडी घातलेला वहीचा कागद काढला. मला वाटलं, कुणा नातेवाइकाचा रिपोर्ट असेल. कागदावर पुस्तकांची यादी होती. मुलीची दहावी झाली आहे, पुढे तिला भौतिकशास्त्रच शिकायचं आहे आणि कॉलेज सुरू होण्याआधीच तयारीला लागायचं आहे. चार जणांना विचारून तिने गणिताची पाच आणि भौतिकशास्त्राची सहा अशी अकरा पुस्तकं लिहून काढली होती. बेरीज सात हजारांच्या पुढे जात होती. "घ्यायला माझी ना नाही सर, पण यातलं आधी कोणतं घेऊ, एवढं सांगा."

यादीवरून नजर फिरवताना एका नावाशी मी थांबलो. 'इरोडोव्ह'.

१९८६ साली मी दहावी झालो, तालुक्याच्या गावी, मराठी शाळेतून. त्या काळात सोव्हिएत पुस्तकांची फिरती प्रदर्शनं गावोगावी यायची. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची जाडजूड, उत्तम बांधणीची विज्ञानाची पुस्तकं आमच्यासारख्यांना परवडेल अशा किमतीत मिळायची. गावातला एक हुशार मुलगा इरोडोव्हची गणितं सोडवतो असं ऐकलं होतं, म्हणून मीही ते घेतलं. त्यात भौतिकशास्त्राची सुमारे १९०० गणितं आहेत आणि समजावून सांगणं जवळपास नाहीच. पहिलं गणित नदीचं. एक तराफा प्रवाहाबरोबर वाहतो आहे. त्याच दिशेने जाणारी मोटरबोट त्याला मागे टाकून पुढे जाते, तासाभराने वळते, आणि परत येताना आधी जिथे तराफा ओलांडला त्या जागेपासून सहा किलोमीटरवर तिला तो पुन्हा भेटतो. तर प्रवाहाचा वेग किती? मी चार दिवस झटलो. पाचव्या दिवशी पुस्तक माळ्यावर टाकलं. अकरावीला गणित घेतलं खरं, पण हे आपलं काम नव्हे, ही खूणगाठ त्या पाचव्या दिवशीच बांधली होती.

पुढे कित्येक वर्षांनी भाच्याला अकरावीचा सापेक्ष वेग समजावून देताना एकदम उजेड पडला. काठावर उभं राहून बघू नका, तराफ्यावर बसून बघा. तराफ्यावरून पाहिलं तर पाणी स्थिर आहे. बोट एक तास लांब गेली, तर परत यायलाही तिला एकच तास लागणार. म्हणजे तराफा एकूण दोन तास वाहिला आणि तेवढ्यात सहा किलोमीटर गेला. प्रवाहाचा वेग ताशी तीन किलोमीटर. दोन ओळींचं उत्तर! मला जे येत नव्हतं ते एवढंच होतं, आणि ते अकरावीच्या साध्या पाठ्यपुस्तकात होतं. मी मात्र ते पुस्तक उघडण्याआधीच दुसरं उघडलं होतं.

वैद्यकीय पेशाबद्दल माझी तक्रार नाही. पण सोळाव्या वर्षी एका पुस्तकाने माझ्याबद्दल एक निकाल दिला आणि मी तो मान्य केला, ही खंत राहिली आहे. पुस्तक चांगलंच होतं. वेळ चुकली होती. औषधाचं जसं असतं तसंच पुस्तकाचं. औषध उत्तम असलं, तरी मात्रा आणि वेळ चुकली की अपाय होतो. विद्यापीठातल्या गणित-भौतिकशास्त्राची तयारी लवकर सुरू करणाऱ्या मुलांसाठी पुस्तक निवडताना म्हणूनच 'सगळ्यात भारी कोणतं' हा प्रश्न विचारू नये. 'माझ्या आत्ताच्या पायरीच्या एकच पायरी वर कोणतं' हा विचारावा. आणि एका विषयाचं एका वेळी एकच पुस्तक घ्यावं.

वर चढण्याची घाई किती आणि पाया किती, याचा ताळा मला दरवर्षी रुग्णाच्या खाटेपाशी मिळतो. प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राला भरघोस गुण मिळवलेली मुलं आमच्याकडे शिकायला येतात. मी विचारतो, रक्तदाब मोजताना दंड हृदयाच्या पातळीवर का ठेवायचा? 'तसा नियम आहे' याच्या पुढे बहुतेकांची गाडी जात नाही. उत्तर द्रवाच्या दाबाच्या धड्यात आहे. हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब मोजमापात मिसळतो आणि रक्तदाब पाऱ्याच्या सात-आठ मिलिमीटरने जास्त दिसतो. सीमारेषेवरच्या माणसाला तेवढ्यावरून आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते. या मुलांनी दाबाचं सूत्र शेकडो वेळा वापरलेलं असतं. पण चार पर्यायांतून उत्तर निवडण्यापलीकडे त्याच्याशी ओळख झालेली नसते.

ही ओळख कशी होते, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. आपली कार्यकारी स्मृती, म्हणजे विचार करताना हातात धरलेल्या गोष्टी, फार लहान असते. एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी तिच्यात मावतात. नवख्या मुलापुढे थेट अवघड गणित ठेवलं, तर उत्तर शोधण्याच्या धडपडीतच ही जागा भरून जाते आणि शिकायला काही उरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोडवलेली उदाहरणं अभ्यासून मग तशीच गणितं करणारी मुलं, नुसतीच गणितं सोडवत बसणाऱ्या मुलांपेक्षा कमी वेळात आणि कमी चुकांनी शिकली. पुढच्या संशोधनात याची दुसरी बाजूही दिसली. विषय अंगवळणी पडला की सोडवलेली उदाहरणं वाचण्याचा उपयोग कमी होत जातो आणि स्वतः गणितं सोडवण्याचा वाढत जातो. म्हणजे आधी सोडवलेली उदाहरणं भरपूर असलेलं पुस्तक आणि नंतर नुसत्या गणितांचं. माझा क्रम नेमका उलटा झाला होता.

दुसरी गोष्ट वाचनाची. मुलं पुस्तकात पिवळ्या-गुलाबी रेघा मारतात, धडा दोनदा-तीनदा वाचतात आणि 'समजलं' म्हणतात. २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कारपिक यांनी हे तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे बरेच पुढे गेले. हा प्रयोग गद्य उताऱ्यांवरचा होता, गणितावरचा नव्हे. पण ज्याने सूत्राची मांडणी पुस्तक मिटून स्वतः करून पाहिली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. वाचताना येणारा समजल्याचा भास आणि खरं समजणं यांतला फरक कोरा कागद लगेच दाखवतो.

तिसरी गोष्ट, एकाच साच्याची वीस गणितं ओळीने सोडवण्याची. रोरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ साली वेगवेगळ्या आकारांच्या घनफळाची गणितं एका गटाला प्रकारवार दिली आणि दुसऱ्याला मिसळून. सराव चालू असताना मिसळलेली गणितं करणारे मागे पडले, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत तेच खूप पुढे होते. कारण उघड आहे. परीक्षेत आणि पुढे आयुष्यात गणिताच्या डोक्यावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. कोणतं हत्यार वापरायचं, हे आधी ओळखावं लागतं.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. मी सिस्टरांना एक घरगुती चाचणी सांगितली. तिला संशोधनाचा आधार नाही, अनुभवाचा आहे. पुस्तक विकत घेण्याआधी ते वाचनालयात, मित्राकडे किंवा दुकानात हातात घ्यायचं. पहिला धडा सोडायचा, कारण पहिला धडा सगळ्याच पुस्तकांचा सोपा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातली दहा पानं सावकाश वाचायची. मग पुस्तक मिटून, काय वाचलं ते आपल्या शब्दांत अर्ध्या पानावर लिहायचं. त्यानंतर स्वाध्यायातली कोणतीही पाच गणितं करून पाहायची. पाचही चटकन सुटली, तर हे पुस्तक मागे पडलं आहे, पुढचं बघा. एकही सुटलं नाही, तर ते अजून आपलं नाही. दोन-तीन सुटली आणि उरलेली डोक्यात घोळत राहिली, तर तेच आपलं पुस्तक. शेवटी उत्तरं दिलेली आहेत ना, तेवढं पाहून घ्यायचं. एकट्याने शिकणाऱ्याला उत्तरसूची हाच तपासनीस असतो.

सुरुवात कुठून करावी? एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं आणि आपल्या बालभारतीची पुस्तकं दोन्ही संकेतस्थळांवर मोफत मिळतात. कुणी त्यांना 'बोर्डाचं पुस्तक' म्हणून नाक मुरडेल. पण विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे प्राध्यापक जे गृहीत धरतात, ते याच पुस्तकांत आहे. बीजगणितातली सफाई, त्रिकोणमिती, आलेख काढणं आणि वाचणं, सदिश, कलनाची ओळख आणि न्यूटनची यामिकी एवढं पक्कं असेल, तर तयारी लवकर सुरू झाली असं म्हणता येईल. आठवीतच पुढच्या इयत्तांचे धडे उरकण्याला मी तयारी म्हणत नाही. त्या वयात घातांक, अपूर्णांक आणि समीकरणं न अडखळता करता येणं जास्त मोलाचं आहे.

अकरावीत एक अडचण मात्र खरी आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सरळ रेषेतल्या गतीचा धडा सुरुवातीलाच येतो आणि तात्कालिक वेग म्हणून विकलज समोर उभं राहतं. गणिताच्या पुस्तकात विकलजाची ओळख वर्षाच्या शेवटाकडे होते आणि संकलन तर बारावीत येतं. मधल्या काळात मुलं भौतिकशास्त्राची सूत्रं पाठ करून वेळ मारून नेतात, आणि घोकंपट्टीची सवय लागते ती तिथेच. दहावीनंतरच्या सुट्टीत एकच काम करायचं असेल, तर ते कलनाशी मैत्री करण्याचं. त्यासाठी मी सिल्व्हेनस थॉम्प्सन यांचं 'कॅल्क्युलस मेड ईझी' सुचवतो. १९१० सालचं आहे, स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे इंटरनेटवर मोफत मिळतं. थॉम्प्सन भौतिकशास्त्राचे आणि विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. चिन्हांची भीती घालवायची, असं ठरवूनच त्यांनी हे लिहिलं. 'डीएक्स' म्हणजे एक्सचा अगदी छोटासा तुकडा, इथून ते सुरुवात करतात. काटेकोर गणितज्ञ त्यावर नाक मुरडतात आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. पण काटेकोरपणा दुसऱ्या फेरीत आणता येतो. पहिल्या फेरीत हात धरणारं कुणीतरी लागतं.

ज्यांना गणितच शिकायचं आहे, त्यांच्यासाठी इझ्राएल गेलफंड यांची छोटी पुस्तकं आहेत. बीजगणित, निर्देशक पद्धत, फलं आणि त्यांचे आलेख अशी. गेलफंड विसाव्या शतकातले मोठे गणितज्ञ. सोव्हिएत संघातल्या लांबच्या गावांत, जिथे चांगला गणित शिक्षक नाही, अशा मुलांसाठी त्यांनी १९६४ साली पत्राद्वारे चालणारी शाळा काढली. ही पुस्तकं त्या कामातून आलेली आहेत. पानं थोडी, पण एकेक पान दिवसभर पुरतं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललेली लोनी यांची त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमिती १८९०च्या दशकातली आहेत. हात बसवायला आजही चांगली, पण सगळी सोडवलीच पाहिजेत असं नाही. गणित अडलं की काय करावं, यासाठी जॉर्ज पोल्या यांचं १९४५ सालचं 'हाउ टु सॉल्व्ह इट' जवळ ठेवावं. मायकेल स्पिवाक यांचं 'कॅल्क्युलस' सुंदर आहे, पण ते बारावीनंतरचं. त्यात प्रत्येक गोष्ट सिद्ध करावी लागते, आणि विद्यापीठातलं गणित म्हणजे मुख्यतः तेच.

भौतिकशास्त्रात एनसीईआरटीच्या जोडीला एच. सी. वर्मा यांचं 'कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' पुरेसं आहे. पुढे आयआयटी कानपूरचे प्राध्यापक झालेल्या वर्मांनी ते दोन भागांत लिहिलं. भारतीय मुलगा डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यामुळे त्यातली भाषा सोपी आहे, उदाहरणं ओळखीची आहेत. प्रत्येक धड्यात आधी सोडवलेली उदाहरणं, मग विचार करायला लावणारे छोटे प्रश्न आणि शेवटी स्वाध्याय, हा क्रम वर सांगितलेल्या संशोधनाशी जुळतो. त्यातले छोटे प्रश्न मुलं वगळतात. ते वगळू नयेत, समजलं की नाही ते तिथेच कळतं. हॅलिडे आणि रेस्निक यांचं पुस्तक त्यानंतरचं, खऱ्या अर्थाने विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचं.

आणि फाइनमन? प्रत्येक यादीत ते असतातच. १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकमध्ये त्यांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेली ही व्याख्यानं आज संस्थेच्याच संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. वाचावीतच. पण त्या तीन खंडांत सोडवायला गणितं नाहीत, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आपला प्रयोग फारसा साधला नाही, असं खुद्द फाइनमन यांनी प्रस्तावनेत म्हटलं आहे. ते जेवणानंतरच्या पानासारखं आहे, जेवण नव्हे. इरोडोव्ह सगळ्यात शेवटी, वर्मांची गणितं हाताखालून गेल्यावर. तेव्हा तो तराफा छळणार नाही, मजा देईल.

इथे कुणी रामानुजनचं उदाहरण देईल. कार यांच्या ज्या पुस्तकावर तो वाढला, त्यात हजारो निष्कर्ष होते आणि सिद्धता जेमतेम. मग अवघड पुस्तकच थेट का देऊ नये? पण त्याआधी रामानुजनने लोनींची त्रिकोणमिती पूर्ण पचवली होती, हे विसरलं जातं. कारचं पुस्तकही त्याने वाचून सोडलं नाही, पाटीवर एकेक निष्कर्ष स्वतः मांडून पाहिला. आणि त्या नादात बाकीचे विषय बुडाले, कॉलेजची शिष्यवृत्ती गेली, हेही त्याच गोष्टीत आहे. शिवाय अशी प्रतिभा शतकातून एखाद्याला लाभते. आपण आपल्या मुलांसाठी जिना बांधावा.

सिस्टरांनी विचारलेला पुढचा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. "हे सगळं ठीक आहे सर, पण प्रवेश परीक्षेचं काय?" प्रश्न रास्त आहे. नोकरी सांभाळून मुलं वाढवणाऱ्या आईला 'गुणांचा विचार करू नका' असं सांगणं सोपं आणि बेजबाबदार आहे. पण जेईईचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच आहे. पाया पक्का करण्यात गेलेला वेळ तिथे वाया जात नाही. मूलभूत विज्ञानाकडे जाणाऱ्यांना आयसरची स्वतंत्र चाचणी आहे, नायसर आणि मुंबईच्या मूलभूत विज्ञान केंद्रासाठी 'नेस्ट' आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या परीक्षेत तर उत्तरामागचं कारण लिहून दाखवावं लागतं. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह आहेत. या सगळ्यांत गतीइतकाच खोलपणा लागतो. शेवटच्या वर्षी घड्याळ लावून सराव करावाच लागेल, पण घड्याळ लावण्याआधी पोहता आलं पाहिजे.

मराठी शाळेतल्या मुलांची आणखी एक अडचण असते, ती मी भोगली आहे. दहावीपर्यंत त्वरण, संवेग, जडत्व शिकलेलं मूल अकरावीत अॅक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया ऐकून बावरतं. त्याला वाटतं, विषयच अवघड झाला. विषय तोच असतो, पाटी बदललेली असते. सुट्टीत एक छोटी वही करावी. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी, आणि खाली एका ओळीत आपल्या भाषेत अर्थ. इंग्रजी पुस्तक वाचताना मनातल्या मनात मराठीत विचार केला, तर त्यात काही कमीपणा नाही. मी आजही अवघड केस मराठीतच सोडवतो.

खर्चाचंही बोलू. न्यूटनने आपले नियम १६८७ साली प्रसिद्ध केले आणि सुट्टीत शिकायची यामिकी तेव्हापासून बदललेली नाही. त्यामुळे पुस्तकाची जुनी आवृत्ती बिनदिक्कत घ्यावी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी वापरलेली पुस्तकं मिळतात. जिल्हा ग्रंथालयं आहेत, बारावी झालेल्या मुलांच्या घरचे माळे आहेत. वाचलेल्या पैशांत चार फुलस्केप वह्या आणि पेन्सिलींचं खोकं घ्यावं. या दोन विषयांत लिहिण्याचा कागद छापील कागदापेक्षा जास्त शिकवतो.

पण पुस्तकाबरोबर माणूसही लागतो. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' पूर्ण केली. ते आपल्याकडचं गणिताचं गाजलेलं पाठ्यपुस्तक, आणि त्यातही रीत सांगून लगेच उदाहरणं घातलेली आहेत. तरी त्यांच्या नातवाला, चांगदेवाला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढावासा वाटला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख ते सांगतो. तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला भाऊ दाजी लाड यांनी, म्हणजे आमच्याच व्यवसायातल्या माणसाने. मुद्दा असा की उत्तम पुस्तकालाही शिकवणारा, ऐकणारा लागतो. शिक्षक मिळाला तर भाग्य. नाही मिळाला, तर तेच पुस्तक करणारा एक मित्र किंवा मैत्रीण शोधावी, आणि आठवड्यातून एकदा एकमेकांना फळ्यावर समजावून सांगावं.

शेवटी डॉक्टर म्हणून बोलायलाच हवं असं. जून-जुलैत माझ्या ओपीडीत डोकेदुखी, आम्लपित्त आणि झोप न येणं घेऊन येणाऱ्या मुलांची संख्या वाढते. तपासण्या बहुतेक वेळा ठीक असतात. विचारलं तर कळतं, रात्री एक-दीडपर्यंत जागरण आणि सकाळी सहाचा क्लास. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली एकमताने सांगितलं आहे की १३ ते १८ वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी. दिवसा शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं काम मोठ्या प्रमाणात झोपेत चालतं. म्हणजे जागून केलेला अभ्यास भोकाच्या रांजणात पाणी भरण्यासारखा आहे. सुट्टीतल्या तयारीला रोज दोन तास पुरे. त्यांतला बराचसा वेळ पेन्सिल चालली पाहिजे. संध्याकाळी मोकळ्या हवेत खेळावं. अडलेलं गणित पुष्कळदा चालताना सुटतं.

पालकांना एवढंच सांगेन, टेबलावरच्या पुस्तकांची उंची मोजू नका. न उघडलेल्या दहा पुस्तकांचा ढीग मुलाला रोज सांगत असतो की तू मागे आहेस. पूर्ण झालेलं एक पातळ पुस्तक सांगतं की तुला जमतं. सोळाव्या वर्षी या दोन आवाजांतला कोणता कानावर पडतो, याने पुढची बरीच वाट ठरते.

सिस्टरांच्या कागदावर मी अकरांपैकी नऊ नावांसमोर 'नंतर' असं लिहिलं. सुट्टीसाठी दोनच ठेवली, थॉम्प्सन आणि एनसीईआरटीचं अकरावीचं भौतिकशास्त्र. दोन्ही मोफत. वर्मा दिवाळीत घ्यायचं ठरलं. इरोडोव्हसमोर मी 'बारावीनंतर, नक्की' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

महिन्याभराने ती मुलगी आईचा डबा द्यायला वॉर्डात आली होती. सलाइनच्या बाटलीकडे बघत उभी होती. मला म्हणाली, "सर, बाटली एक मीटर वर असली, तर दाब पाऱ्याच्या साधारण ७३ मिलिमीटरएवढा येतो. शिरेतला दाब त्याच्यापेक्षा खूपच कमी असणार ना? म्हणून ते आत जातं." मी म्हटलं, बरोबर. मग तिने विचारलं, बाटली रिकामी होत जाते तसा थेंबांचा वेग किती कमी होईल, हे काढायचं आहे, पण दोन दिवस जमत नाही. थॉम्प्सनच्या पुस्तकात याचं उत्तर ज्या धड्यात आहे, तिथे ती अजून पोहोचलेली नव्हती. मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. पुढे वाचत राहा, एवढंच म्हणालो.